पीटरसनची बेल

पत्र साधंच होतं. करड्या कागदाचं, खिडकीतून नाव दिसणारं, पिझ्झावाल्याच्या जाहिरातीखाली अर्धं दडलेलं. विष्णू आगाशेने ते टपालपेटीतून काढलं, जिना चढता चढताच फोडलं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचे पाय जागच्या जागी थबकले. फोरलाडुंग. पोलिसांचं बोलावणं. साक्षीदार म्हणून, गुरुवारी सकाळी दहा वाजता, श्री. इर्शाद पारकर यांच्यावर मार्च महिन्यात झालेल्या हल्ल्याच्या तपासासंदर्भात. खाली कुणा फ्राउ वेस्टफाल नावाच्या कमिसारिनची, म्हणजे तपास अधिकाऱ्याची, सही. आता साक्षीदार म्हणजे काही आरोपी नव्हे, हे त्याला कळत होतं. जर्मनच्या सगळ्या परीक्षा दिलेला माणूस, शब्दाशब्दाचा अर्थ लागत होता. तरी त्याने ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. वरून कुणीतरी सायकल खांद्यावर घेऊन उतरत होतं. विष्णूने पत्राची घडी करून खिशात घातली, हसून ‘मोइन’ म्हटलं, भिंतीला चिकटून वाट दिली. आणि तसं उभं राहताना त्याच्या मनात आलं, इर्शादही असाच उभा राहिला असेल. चौघं जण वर येताहेत म्हटल्यावर सभ्य माणसासारखा बाजूला झाला असेल, त्यांना जाऊ द्यावं म्हणून. सायकलवाला केव्हाच खाली गेला, दार लागल्याचा आवाज झाला, तरी विष्णू आपला भिंतीला टेकलेलाच.

तसा विष्णू म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनीअर, हॅम्बर्गला येऊन नऊ वर्षं झालेली, विमानाच्या आतल्या भागांचं काम, बायको अहिल्या सॉफ्टवेअरमध्ये, सात वर्षांची स्पृहा. वेळेवर कर भरणारा, काच आणि कागद वेगवेगळ्या डब्यात टाकणारा, रविवारी ड्रिल न लावणारा. आणि मराठी मंडळाचा तर प्राणच म्हणा. अध्यक्ष फोटोपुरते, काम विष्णूचं. दिवाळीला मंडळातर्फे फराळाचे डबे घरोघर जायचे, त्याची यादी विष्णू करायचा, आणि ती यादी म्हणजे त्याचा अभिमान. नाव, रस्ता, मजला एवढ्यावर थांबेल तर तो विष्णू कसला. शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना असायचा, आणि त्यात सगळं. अमक्यांकडे कुत्रा आहे, सोडलेला असतो. तमक्यांची आई आली आहे, शेवेत लसूण नको. यांची लिफ्ट बंद, फोन करणे, ते खाली येतील. जर्मनीत इमारतीतल्या फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आडनाव असतं, आणि आडनावावरूनच घर सापडतं. म्हणून बेलवर दुसऱ्याचं नाव असेल तर तेही शेऱ्यात. ज्याला त्याला त्याच्या वाटच्या तेवढ्या ओळी काढून दिल्या, की वाटणारे नवखे असले तरी एक डबा चुकत नसे. लोक म्हणायचे, आगाशे, तुमची यादी घेतली की माणूस अंधारातसुद्धा दारात जाऊन उभा राहील. विष्णू संकोचून हसायचा, पण ते वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. आता तेच वाक्य त्याला दिवसातून दहादा ऐकू येत होतं, आणि कान बंद करून काही उपयोग नव्हता.

इर्शाद पारकरच्या घराच्या बेलवर पारकर नव्हतंच. तो फ्राउ पीटरसन नावाच्या म्हातारीकडे दोन खोल्या घेऊन राहायचा, आणि म्हातारीने त्याला सांगून ठेवलं होतं, मी आहे तोवर माझंच नाव, मी गेल्यावर लाव तुझं. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला चार जण आले, अकरा नावांतून नेमकी पीटरसनची बेल दाबली, आणि म्हातारीला म्हणाले, पार्सल आहे. तिने बझर दाबून दार उघडलं. तिला जिना उतरायला नको म्हणून इर्शाद पार्सल आणायला खाली निघाला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये त्यांनी त्याला गाठलं. मारताना ते त्याच्या धर्मावरून शिव्या देत होते, हिंदीत, हे म्हातारीला कळलं नाही, पण तळमजल्यावरच्या अफगाण बाईला कळलं आणि तिने ते पोलिसांना सांगितलं. जबडा मोडला. डाव्या कानाचा पडदा फाटला आणि आतलं काहीतरी असं दुखावलं की त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चौघांपैकी दोघं सापडले, ते दुसऱ्या शहरातले होते, त्यांनी इर्शादला आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. मंडळात जो तो हेच धरून बसला, की बघा, आपल्यातलं कुणी नाही. निषेधाचं पत्र निघालं. ते पत्रही विष्णूनेच लिहिलं. ‘तीव्र शब्दांत’ लिहावं की ‘कठोर शब्दांत’, यावर त्याने पाऊण तास घालवला होता, आणि त्या पाऊण तासात त्याला खरोखर बरं वाटलं होतं.

इर्शाद दापोलीकडचा. कोकणातला मुसलमान, घरात मराठीच, तीही अशी की पुण्याच्या विष्णूने कान टवकारून ऐकावी. दोघं एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर. सहा वर्षं सकाळी सात दहाची फेरी बोट दोघांनी मिळून धरली. बंदरावरून निघायची, पंचवीस-तीस मिनिटं, एल्बे नदीचं पाणी बहुतेक दिवस भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं, आणि वरच्या डेकवर हे दोघं कॉफीचे कप धरून, पाऊस असला तरी वरच, कारण इर्शादला आत कोंडल्यासारखं व्हायचं. मंडळाच्या ढोलपथकात इर्शाद हवाच असायचा. वाजवायचा तो बेताचाच, पण ढोल ताणावा त्यानेच. दोरी ओढायची, थाप मारायची, डावा कान ढोलाच्या पानाला लावायचा, मान हलवायची, पुन्हा ओढायची. स्पृहाला त्याने जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका शिकवला होता. ती मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते, आणि इर्शादकाका तिला ओरडायचा नाही, म्हणायचा, मला काय, तू चिनीत बोल, ठेका चुकू नकोस म्हणजे झालं. परवाच ती विचारत होती, काका कधी येणार, व्हान कोम्ट एर? विष्णू म्हणाला, बरा झाला की. एवढंसं उत्तर देऊन तो उगाच उठून फ्रीज उघडून बघत राहिला.

आता मुळात झालं काय, तर एक व्हिडिओ. तिकडे भारतात कुठेतरी काहीतरी पेटलं होतं, आणि सत्यजितने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला, बघा हे लोक काय करतात म्हणून. सत्यजित म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेला, आयटीतला, गोरागोमटा, बोलायला गोड, कुणाचंही सामान हलवायला आपली गाडी घेऊन येणारा. विष्णूला पाहताक्षणी त्या व्हिडिओत खोट दिसली. रस्त्यावरच्या पाट्या आपल्याकडच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बोटीवर त्याने ते इर्शादला दाखवलं. हे बघ, हा आपल्या देशातला नाहीच, आणि तीन वर्षं जुना आहे, मी शोधला. सांगताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. संध्याकाळी इर्शादने ग्रुपवर लिहिलं, व्हिडिओ खोटा आहे, कृपया काढून टाका. मग जे व्हायचं ते सुरू झालं. तुम्हाला पुळका येणारच. तुम्ही नाही सांगणार तर कोण. तेव्हा इर्शादने लिहिलं, माझ्यावर विश्वास नसेल तर विष्णूला विचारा, त्यानेच शोधून काढलंय. एकशे चाळीस माणसं त्या ग्रुपवर. सगळे विष्णूची वाट बघत होते. विष्णू सोफ्यावर बसून फोनकडे बघत होता. एक ओळ लिहायची होती. हो, मीच शोधलं. त्याने अर्धा तास घेतला आणि लिहिलं, ‘माझं नाव कृपया यात ओढू नये. मी या विषयात तटस्थ आहे.’ त्याखाली सत्यजितने हात जोडले, मग आणखी कुणी, मग अकरा जणांनी. रात्रीत इर्शादला ग्रुपमधून काढलं. सकाळी नवा ग्रुप निघाला, आणि त्यात विष्णूला न विचारताच घेतलेलं होतं.

त्या सकाळी बोटीवर इर्शाद भांडला असता तरी परवडलं असतं. तो भांडला नाही. कॉफी घेऊन आला, दोन कप, नेहमीसारखी, आणि पाण्याकडे बघत म्हणाला, “विष्णू, एक ओळ लिहिली असतीस तर मिटलं असतं रे.” एवढंच. विष्णूला खरं तर लाज वाटली होती, पण लाज फार वेळ लाजेसारखी राहत नाही त्याच्यात. अर्ध्या तासात तिचा राग झाला. याला काय जातं बोलायला. याने माझं नाव का घ्यावं? मला न विचारता? मी याला विश्वासाने सांगितलं, आणि हा चारचौघांत मला उघडा पाडतो. कंपनीच्या धक्क्यावर उतरेपर्यंत विष्णूने स्वतःची बाजू इतकी घोटून घेतली होती की त्याला इर्शादचं तोंड बघवेना. मग दुपारी कँटीनमध्ये, सूपचा वाडगा समोर असताना, सत्यजितचा मेसेज आला. थेट, एकट्याला. ‘विष्णूदादा, तो तुमचा मित्र राहतो कुठे नक्की? चार जण जाऊन एकदा समोरासमोर बोलावं म्हणतो. चॅटवर गैरसमज वाढतात.’ ‘तुमचा मित्र’ हे दोन शब्द विष्णूला इंगळीसारखे डसले. आणि त्याने यादी उघडली. पारकरची ओळ. रस्ता, घर, तिसरा मजला. शेरा: बेलवर नाव नाही, पीटरसन दाबणे, शनिवारी दुपारी हमखास घरी. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट घेऊन त्याने पाठवून दिला. सत्यजितने अंगठा दाखवला. चोवीस तासांनी मेसेज आपोआप नाहीसा झाला, सत्यजितने तशी सोय करून ठेवली होती. हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी सत्यजित वडिलांची तब्येत बिघडली म्हणून भारतात गेला, तो परत आलाच नाही. म्हणजे पुरावा असा कुठेच नव्हता. आता इथे एका विष्णूला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

पण दवाखान्यात जाणं काही टळलं नाही. मंडळाचे पाच जण फुलं घेऊन गेले, त्यात तो सगळ्यांत मागे, खिडकीपाशी. इर्शादचा चेहरा एका बाजूने भोपळ्यासारखा सुजलेला, तोंड तारेने बांधलेलं, बोलणं दातांतल्या दातांत. प्रत्येकाने हळहळून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. विष्णूने खिडकीपासून काहीतरी म्हटलं, काय ते त्याचं त्यालाही आठवत नाही. इर्शादने मान वळवली. “तिथून नाही ऐकू येत मला. इकडे ये, उजवीकडे.” विष्णू पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेला, खाली वाकला. इर्शादने विचारलं, “काही सांगायचंय का तुला?” बाकीचे फुलदाणी शोधत होते. विष्णू म्हणाला, “नाही रे. लवकर बरा हो.” इर्शाद त्याच्याकडे बघत राहिला, बराच वेळ, रागाने नव्हे, जरा थकल्यासारखा, आणि मग त्याने डोळे मिटले. बाहेर आल्यावर विष्णूचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, हीच तर गोष्ट. बसस्टॉपवर उभं राहून त्याने त्या सगळ्यांबरोबर हवेबद्दल गप्पा मारल्या, आणि घरी जाऊन दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

पत्र आलं त्या संध्याकाळी त्याने अहिल्येला सांगितलं. सगळं नव्हे, पत्ता मी दिला होता, एवढं. ती कांदा चिरत होती, तिने सुरी बाजूला ठेवली, स्पृहाच्या खोलीचं दार लोटून आली. अहिल्या रडणारी-ओरडणारी नव्हे. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, “ते मारायला जाताहेत हे तुला माहीत होतं?” “नाही.” “मग झालं. तेवढंच सांगायचं. विचारलं तर सांग, नाही विचारलं तर आपण होऊन काही बोलू नकोस. मी वाचलंय, माहीत नसेल तर तो गुन्हा होत नाही.” मग थोड्या वेळाने, सुरी पुन्हा हातात घेऊन, “विष्णू, जूनमध्ये आपली आइनब्युर्गरुंगची तारीख आहे. नऊ वर्षं थांबलोय नागरिकत्वासाठी. तुझ्यावर नुसती केस उभी राहिली तरी फाइल थांबते. स्पृहाची शाळा, हे घर, माझी नोकरी, सगळं त्यावर आहे. एक वाक्य आहे फक्त. मला माहीत नव्हतं. म्हणून बघ.” आणि विष्णूने खरंच म्हणून बघितलं, स्वयंपाकघरात, मराठीत आणि जर्मनमध्ये. दोन्हीत बरं वाटलं ऐकायला. रात्रीच्या जेवणानंतर मीनलचा फोन आला. मीनल ही मंडळातली सगळ्यांत लहान, नोकरीला लागून जेमतेम चार महिने, प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन अजून संपायचं होतं. “विष्णूदादा, मलाही आलंय हो पत्र. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे डबा मी घेऊन गेले होते ना, बाकी वर्षं तुम्हीच. बेल माहीत असलेले आपण दोघंच. मी कुणाला बोलले असेन का? मला आठवत नाहीये. मी रोज आठवायचा प्रयत्न करतेय.” विष्णू म्हणाला, “घाबरू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणून सांगायचं. जे खरं ते सांगायचं.” फोन ठेवल्यावर त्याला स्वतःच्या त्या शांत, मोठ्या भावासारख्या आवाजाची किळस आली. मुलगी तिकडे आपली स्मरणशक्ती पिळून काढत होती, नसलेला गुन्हा सापडतो का म्हणून, आणि हा तिला धीर देत होता.

गुरुवारी तो वेळेच्या वीस मिनिटं आधी पोलीस प्रेसीडियममध्ये पोचला. हे त्याचं नेहमीचंच. उ-बान मेट्रोमध्ये सबंध वेळ तो मनातल्या मनात हिशेब... नव्हे, हिशेब म्हणायचं नाही, तो सबबी मांडत होता. एकेक काढून बघायची, टिकते का. सत्यजितने बोलायला म्हटलं होतं. चार जण म्हणजे मंडळातलेच चार असं कुणालाही वाटेल. पत्ता काय, कुठूनही मिळाला असता. आणि इर्शादने माझं नाव घेतलं नसतं तर? ही शेवटची सबब आली की त्याचं तोंड कडू व्हायचं, तरी ती येतच होती. तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर मीनल बसली होती. तिची वेळ अकराची, पण तीही लवकर आली होती, मंडळाच्या शिस्तीप्रमाणे. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. “दादा, बरं झालं तुम्ही आहात. मी सगळं आणलंय, पासपोर्ट, नोकरीचं काँट्रॅक्ट, घराचं.” फाइलच्या शेवटच्या खिशात नागपूर विद्यापीठाचं पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा होतं, मूळ, प्लॅस्टिकच्या आवरणातलं. मारहाणीच्या चौकशीत पदवी कशाला लागेल, हे त्याने विचारलं नाही. तिला जेवढं म्हणून भलेपण स्वतःजवळ सापडलं तेवढं ती घेऊन आली होती. मग दार उघडलं आणि आतून एक बाई म्हणाली, “हेर आगाशे? या.”

फ्राउ वेस्टफाल पन्नाशीची, आखूड केसांची, सर्दी झालेली. तिने आधी रुमालात नाक शिंकरलं, माफी मागितली, पाणी विचारलं. साक्षीदाराचे हक्क वाचून दाखवले. खरं बोललं पाहिजे, पण स्वतः अडचणीत याल असं काही असेल तर उत्तर न देण्याची मुभा आहे. मग तिने एक फोटो टेबलावर सरकवला. बेलची पाटी, अकरा नावं. “शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसतंय,” ती म्हणाली, “ते आले आणि थेट ही दाबली. शोधाशोध नाही, फोनमध्ये बघणं नाही. आणि शनिवारी हेर पारकर घरी असतील हेही त्यांना ठाऊक होतं. तुमच्या मंडळाकडून मला कळलं की ही बेल तुम्हाला आणि बाहेर बसलेल्या त्या बाईंना माहीत होती. तुमच्याकडून आणखी कुणाला कळली असेल का?” अगदी साधा प्रश्न. नाही म्हटलं की झालं. एका शब्दाचं काम, आणि तो शब्द खोटा पाडायला जगात एक पुरावा नव्हता. पण नाही म्हटलं की उरणार ती बाहेरची, फाइलवाली. विष्णूला दिसत होतं, ती अकरा वाजता आत येईल, या खुर्चीत बसेल आणि प्रामाणिकपणे म्हणेल की मला आठवत नाही. आठवत नाही म्हणणारा माणूस पोलिसांना कसा दिसतो हे त्याला कळत होतं. त्याने पाणी प्यायलं. मग तो म्हणाला, “मी कळवली. सत्यजित नावाच्या माणसाला. यादीतली ती ओळ मी पाठवली.”

कमिसारिनने टायपिंग थांबवलं. तिचा आवाज बदलला नाही, पण ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली की आता मला तुम्हाला वेगळी सूचना द्यावी लागेल, यापुढे तुम्ही साक्षीदार नाही, तुमच्यावर संशय आहे असं धरून बोलायचं, तुम्ही गप्प राहू शकता, वकील बोलावू शकता, आत्ता उठून जाऊ शकता. समजलं का? विष्णू म्हणाला, हो, समजलं. आणि लगेच, घाईघाईने, पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडून आलं: “पण ते काय करणार आहेत हे मला माहीत नव्हतं. बोलायला जातोय असं तो म्हणाला होता.” तिने ते टाइप केलं. कळांचा आवाज त्याला मोठा गोड वाटला. हे वाक्य आता कागदावर होतं. अहिल्या, स्पृहा, जून, सगळं त्या वाक्याच्या आडोशाला सुरक्षित उभं होतं. सुटलो, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. आणि इर्शादसाठीही काही केलं, मीनलसाठीही, म्हणजे आपण अगदीच नीच नाही.

तिने कीबोर्डवरून हात उचलले. “एक गोष्ट कागदावर नाही, पण तुम्हाला सांगते,” ती म्हणाली. “हल्ल्यानंतर आठवड्याने मी हेर पारकरना विचारलं होतं, ही बेल कुणाला माहीत आहे. ते म्हणाले, एक जण आहे. नाव सांगा म्हटलं तर नाही म्हणाले. म्हणाले, तो आपण होऊन येईल, मी त्याला ओळखतो, थोडा भित्रा आहे पण येईल. त्याच्या आधी मी नाव घेणार नाही, एकदा त्याला न विचारता घेतलं होतं. मीही वाट बघितली. तीन आठवडे रोज ते मला फोन करून विचारायचे, कुणी आलं का. मग फोन बंद झाले, आणि मी तुमच्या मंडळाला लिहिलं.” तिने पुन्हा नाक पुसलं. “तुमचा जबाब वाचून दाखवते, मग सही.”

ती वाचू लागली. नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय. विष्णू ऐकत होता आणि ऐकत नव्हता. तीन आठवडे रोज. एकवीस वेळा त्या माणसाने उजव्या कानाला फोन लावून विचारलं असेल. त्या एकवीस दिवसांत आपण काय काय केलं ते विष्णूला एकेक आठवत गेलं. निषेधाचं पत्र लिहिलं, स्पृहाला पोहायला नेलं, एका संध्याकाळी अहिल्येबरोबर सिनेमा बघून हसलो. ती वाचत वाचत त्या वाक्याशी आली: ‘त्यांचा काय करण्याचा उद्देश आहे हे मला माहीत नव्हतं.’

“ते काढा,” विष्णू म्हणाला.

तिने वर बघितलं. “हेर आगाशे, मी तुम्हाला सांगितलंय. वकिलाशी बोला. हे वाक्य तुमच्या फायद्याचं आहे.”

“माहीत आहे मला. काढा. त्या ओळीत, शेऱ्यात, शेवटी आणखी दोन शब्द होते. स्क्रीनशॉट घेताना मी ते कापले. आधी तसाच घेतला होता, मग परत घेतला, तेवढे सोडून.”

“कुठले शब्द?”

“चकली जास्त.”

तिला कळलं नाही. त्याने सांगितलं, चकली म्हणजे भाजणीची, तळलेली, काटेरी, दिवाळीला करतात. इर्शादला फार आवडते, म्हणून दरवर्षी त्याच्या डब्यात दोन जास्त घालायच्या असं आपण लिहून ठेवलं होतं. सांगताना त्याचं जर्मन अडखळत होतं, लागोपाठ दोनदा क्रियापद चुकलं. ती शांतपणे टाइप करत होती. त्या शब्दाशी थांबली आणि त्याने तो तिला एकेक अक्षर करून सांगितला.

“आणि ते का कापलंत?” तिने विचारलं.

“ते ठेवलं असतं,” विष्णू म्हणाला, “तर पाठवता आलं नसतं.”